कोतवाल बुकातील नोंद

मुरबाडच्या तहसील कचेरीतील अभिलेख कक्षात मी आयुष्यात प्रथम पाऊल ठेवले ते जानेवारी २०२५ मध्ये, निवृत्तीनंतर सात महिन्यांनी. लाल कापडात बांधलेले बस्ते, त्यांवर गावांची नावे, जुन्या कागदाचा कोरडा वास आणि खिडकीशी एक लाकडी बाक. त्या बाकावर बसून मी स्वतःचा जन्म शोधीत होते. पस्तीस वर्षे मी इतरांच्या मुलांचे जन्म जनरल रजिस्टरात लिहिले. माझा स्वतःचा कोठे लिहिला आहे, याची चौकशी करण्याची गरज मला कधी पडली नव्हती. ती पडली जर्मनीतील एका शहराच्या कार्यालयामुळे.

माझा मुलगा २०२१ मध्ये उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेला. तेथे वर्षभर राहण्याइतके पैसे आपल्याजवळ आहेत हे दाखविण्यासाठी त्या वर्षी विद्यार्थ्याला १०,३३२ युरो एका बंदिस्त खात्यात आगाऊ भरावे लागत आणि दरमहा त्यातला ठरावीक हिस्सा हाती येई. माझ्या भविष्य निर्वाह निधीचा मोठा भाग त्या खात्यात गेला. शिक्षण संपले, नोकरी लागली, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्याला 'ब्लू कार्ड' म्हणतात तो उच्चशिक्षितांचा निवास परवाना मिळाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केल्याची बातमी आली होती. तेव्हापासून शहापूरच्या बाजारात भेटणारा प्रत्येक जण मला विचारी, "बाई, तुमचा मुलगा त्या दहा हजारांतलाच ना?" नव्हे, हे सांगून सांगून मी थकले आणि पुढे नुसती हसू लागले.

पती २०१९ मध्ये वारले. मुलगा एकुलता. आसनगाव स्थानकापासून रिक्षाने दहा मिनिटांवर असलेल्या आमच्या घरात मी, एक मांजर आणि निवृत्तिवेतनाची पुस्तिका असे आम्ही तिघे राहत होतो. तेव्हा, "आई, तू आता इकडेच ये, भेटीला नव्हे, राहायला," असे मुलाने म्हटले ते स्वाभाविक होते. मी लगेच हो म्हटले नाही हेही तितकेच स्वाभाविक होते. मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे, माझे माहेर आहे आणि तेथे पंच्याहत्तरी ओलांडलेली माझी आई आहे. ती भावाकडे असते. तिला माझी गरज आहे असे नव्हे. परंतु दर पंधरा दिवसांनी शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला जाणारी एस.टी. धरून तिच्यापाशी जाऊन बसण्याची मला गरज आहे. हे मुलाला दूरध्वनीवर कसे समजावावे ते मला सुचेना. शेवटी मी म्हणाले, "अर्ज तर करू. मिळाला तर पाहू." मनातून मला वाटत होते की मिळणारच नाही.

असे वाटण्याला कारण होते. तीन महिन्यांहून कमी राहायचे असेल तर शेंगेन व्हिसा पुरतो. पाहुणा म्हणून जावे आणि नव्वद दिवसांच्या आत परतावे. त्याहून अधिक राहायचे तर तो देश आपला स्वतःचा, राष्ट्रीय व्हिसा देतो. हा व्हिसा म्हणजेही केवळ उंबरठा. राहण्याचा परवाना त्यानंतर, तेथे पोहोचल्यावर मिळतो: प्रथम दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात आपला पत्ता नोंदवायचा, मग परकीय नागरिकांच्या कार्यालयात जायचे, बोटांचे ठसे द्यायचे आणि कार्डाची वाट पाहायची. नोकरी करणाऱ्या मुलाने आईवडिलांना कायमचे बोलावून घ्यावे, ही गोष्ट पूर्वी तेथे केवळ असाधारण अडचणीच्या प्रसंगीच मान्य होत असे. कामाची माणसे हवीत म्हणून त्या देशाने आपला कायदा बदलला आणि १ मार्च २०२४ रोजी वा त्यानंतर ज्यांना असा परवाना प्रथम मिळाला त्यांच्या आईवडिलांसाठी दार थोडे उघडले. माझा मुलगा त्या तारखेच्या अलीकडे असता तर हा लेख लिहिला गेला नसता.

दार उघडले तरी उंबरठ्यावर दोन अटी होत्या. मुलाच्या पगारात माझे भागले पाहिजे, आणि माझा आरोग्य विमा उतरलेला असला पाहिजे. पहिली अट सोपी होती. दुसरीने आम्हांला दमविले. पंचावन्न वर्षे उलटलेल्या नवागताला तेथील सार्वजनिक विम्यात बहुधा प्रवेश मिळत नाही. खाजगी विमा घ्यावा तर तो वय आणि दुखणी विचारतो. मुलाने किती ठिकाणी पत्रे लिहिली त्याची गणती मी ठेवली नाही. अखेर एका ठिकाणी जमले. दरमहाचा हप्ता किती हे त्याने मला पुष्कळ दिवस सांगितले नाही, आणि सांगितले तेव्हा मी तो रुपयांत मोजून पाहिला व नंतर कधी मोजला नाही.

मात्र या साऱ्या गोष्टी पैशाच्या होत्या. खरी अडचण निघाली ती माझ्या नावात.

आमच्या भागात लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. अजूनही आहे, कमी झाली आहे. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात नवे नाव लिहितो. १९९२ मध्ये माझ्या पतींनी तसे लिहिले. नाव चांगले होते. सासूबाईंना त्यांच्या जावेच्या नावाशी माझे माहेरचे नाव जुळते हे पसंत नव्हते, एवढेच त्यामागचे कारण. तांदूळ पुढे सवाष्णीच्या ओटीत गेले, परंतु नाव राहिले. रेशनकार्डावर ते चढले, मतदार यादीत चढले, आणि १९९५ मध्ये मुलगा झाला तेव्हा त्याच्या जन्मदाखल्यात 'आईचे नाव' या रकान्यात तेच गेले, कारण नोंद करावयास सासूबाई गेल्या होत्या. मी मात्र लग्नापूर्वीच नोकरीस लागलेली. माझे सेवापुस्तक माहेरच्या नावाचे. मुक्त विद्यापीठातून नोकरी करता करता मिळविलेली बी.ए. ची पदवीही त्याच नावाची. पारपत्र काढले ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून, म्हणून तेही माहेरच्याच नावाचे. पुढे पतींचे नाव आणि आडनाव एवढाच बदल. अशा रीतीने सरकारदरबारी माझ्या मुलाला जन्म देणारी स्त्री एक होती आणि त्याच्याकडे राहावयास निघालेली स्त्री दुसरी.

व्हिसाच्या अर्जात एक रकाना असा आहे: जन्माच्या वेळचे आडनाव. तो पाहून मला बरे वाटले होते. लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते ही गोष्ट युरोपातल्या कारकुनालाही ठाऊक आहे, म्हणजे आपण अगदीच परके नाही. परंतु तिचे पहिले नावच कोणी तांदळात पुसून दुसरे लिहील, ही शक्यता त्या अर्जात धरलेली नाही. त्यासाठी रकाना नाही.

अशा वेळी मला कल्याणच्या आनंदीबाई जोशी आठवल्या. मुरबाडकरांना आगगाडी धरायची तर आजही एस.टी.ने कल्याणलाच उतरावे लागते. त्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या मुलीचे नाव यमुना होते. नवव्या वर्षी लग्न झाले आणि गोपाळरावांनी तिची आनंदी केली. १८८३ मध्ये ती कोलकात्याहून बोटीने निघाली आणि फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये डॉक्टर झाली. तिच्याजवळ व्हिसा नव्हता. तेव्हा तो मागितलाही जात नसे. तिला स्वतःच्या जन्माचा पुरावा द्यावा लागला नाही, यमुना आणि आनंदी एकच आहेत असे शपथेवर सांगावे लागले नाही. तिला उत्तर द्यावे लागले ते आपल्याच माणसांना. निघण्यापूर्वी श्रीरामपूर महाविद्यालयात उभे राहून, मी अमेरिकेस का जाते, याचे जाहीर स्पष्टीकरण तिने दिले. अठरा वर्षांची मुलगी! मला तसे कोणी विचारले नाही. शेजाऱ्यांनी उलट पेढे मागितले. तेव्हा आमच्या दोघींपैकी कोणाची वाट अधिक अवघड, हे ठरविण्याच्या भानगडीत मी पडत नाही. एवढेच वाटते की तिला अडविणारी माणसे होती, त्यांच्याशी बोलता येत होते.

नावाचा प्रश्न अखेरीस सुटला, कारण त्याला आपल्याकडे वहिवाट आहे. शहापूरच्या कचेरीत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर मी प्रतिज्ञापत्र केले: अमुक नावाची आणि तमुक नावाची स्त्री या दोन भिन्न व्यक्ती नसून ती एकच व्यक्ती आहे व ती मीच आहे. टंकलेखकाला तो मजकूर पाठ होता. "या तालुक्यातल्या निम्म्या बाया माझ्या हातून एक झाल्या," असे तो म्हणाला. लग्नाची नोंद राहून गेली होती ती करून घेतली. राजपत्रात नावाची जाहिरात दिली. त्या कागदांचे भाषांतर झाले. अर्जात दिवंगत पतींचे जन्मस्थान विचारले होते, तेथे मी त्यांच्या गावाचे नाव लिहिले. ते गाव भातसा धरणाच्या पाण्याखाली आहे. सासरचे लोक तेथून उठले तेव्हा मी या घरात आलेही नव्हते. ज्या पाण्याखाली ते गाव गेले ते मुंबईच्या नळांना जाते आणि आमच्या तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हे मुंबईकरांना सांगितले तर त्यांना वाईट वाटते, आणि ते खरोखरच वाटते. पण तो विषय वेगळा. रकान्यात केवळ गावाचे नाव हवे होते, ते अद्याप कोठे आहे काय हे विचारले नव्हते.

आणि मग त्या दूरच्या शहरातील कार्यालयाने मुलाला कळविले की, आईचा स्वतःचा जन्मदाखलाही जोडावा.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून १९६६ अशी आहे. महाराष्ट्रातील वाचकांना या तारखेविषयी अधिक सांगण्याचे कारण नाही. माझ्या पिढीच्या ग्रामीण भागातील निम्मी माणसे १ जूनला जन्मली आहेत. शाळा जूनमध्ये उघडत. गुरुजी पोराला दारातून आत घेत, डोक्यावरून हात नेऊन विरुद्ध बाजूचा कान धरता येतो का ते पाहत, सहा वर्षे मागे मोजत आणि १ जून लिहीत. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ३१ मे रोजी आपल्या राज्यात निरोपसमारंभांची दाटी होते. माझाही त्याच दिवशी झाला. शाल, श्रीफळ, आणि अध्यक्षांचे भाषण. त्यांचाही वाढदिवस दुसऱ्याच दिवशी होता.

आई मात्र नेहमी म्हणत आली की मी म्हशाच्या जत्रेत झाले. मुरबाड तालुक्यातील म्हसे गावची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. गुरांचा मोठा बाजार असतो, घोंगड्या विकावयास येतात. बाबा बैल पाहावयास गेले होते आणि घोंगडी घेऊन परतले तोवर मी आले होते. ती घोंगडी पुष्कळ वर्षे घरात होती. पौष म्हणजे जानेवारी. जून आणि जानेवारी यांची सांगड घालण्याचा प्रयत्न मी लहानपणीच सोडून दिला होता. आईचे सांगणे ही गोष्ट, आणि दाखला ही तारीख, अशी माझ्या मनाने वाटणी केली होती.

गावच्या ग्रामपंचायतीकडील जन्म-मृत्यूच्या वह्या अलीकडच्या काळापासूनच्या निघाल्या. त्यापूर्वीच्या नोंदी गावचा कोतवाल ठेवीत असे. गाव नमुना क्रमांक १४. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. २०२३ च्या अखेरीस राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा ही बुके बस्त्यांतून बाहेर निघाली, त्यांवरील धूळ झटकली गेली. आम्ही कुणबीच, त्या शोधाशी माझा संबंध नव्हता, पण त्यामुळे माझ्या गावचे बुक हाताशी होते. ग्रामसेवकांनीच सुचविले, "मॅडम, मुरबाडला बघून या."

मी १९६६ चा जून पाहिला. काही नव्हते. मग, अगदी सहज, आईचा मान राखावा म्हणून, १९६७ ची पाने उलटली.

२८ जानेवारी १९६७. बाबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, जात, गाव. आणि पुढे एक शब्द: मुलगी.

माझे नाव नव्हते. बारसे होण्यापूर्वीच कोतवालाने नोंद केली असेल. त्या पानावर आईचेही नाव नव्हते. तो रकानाच नव्हता. बाबांना दोन मुली, धाकटी बहीण १९७० ची. म्हणजे ही मुलगी दुसरी कोणी असूच शकत नव्हती. निळसर काळ्या शाईत, किंचित डावीकडे कललेल्या अक्षरात, घोंगडीची गोष्ट खरी ठरली होती. मी किती वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले ते आठवत नाही. शेजारच्या बाकावरचे गृहस्थ आपल्या पणजोबांना शोधीत होते; ते म्हणाले, "सापडलं का?" मी म्हणाले, "सापडलं." आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आले की सापडले ते उपयोगाचे नाही.

कारण आता माझ्याजवळ एक कागद असा होता ज्यात माझा जन्म होता पण नाव नव्हते, आणि दुसरा असा ज्यात नाव होते पण जन्म दुसऱ्याच दिवशी. कोतवाल बुकाचा उतारा अर्जास जोडावा तर तो माझ्या पारपत्राशी भांडणार. पारपत्र बदलावे तर सेवापुस्तक, निवृत्तिवेतन, पदवी, सारेच बदलावे लागणार. (माझ्या खऱ्या जन्मतारखेने मी आठ महिने उशिरा निवृत्त झाले असते. आठ महिन्यांचा पगार! हा हिशेब मी त्या बाकावरच केला, हे कबूल करावयास हवे.) एका वकिलांनी उपाय सांगितला. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात विलंबित नोंदीची सोय आहे; प्रतिज्ञापत्र करावे, आदेश मिळवावा, १ जून १९६६ अशी रीतसर नोंद करून घ्यावी. "सगळे तसंच करतात," ते म्हणाले. ते सज्जन गृहस्थ होते आणि त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. परंतु त्यासाठी मला शपथेवर सांगावे लागले असते की मी १ जूनला जन्मले. ती ओळ पाहिली नसती तर मी बेधडक सांगितले असते.

दुसरा उपाय ग्रामपंचायतीत होता. नमुना क्रमांक १०: नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला. ग्रामपंचायतीच्या वहीत माझी नोंद नव्हती, हे अक्षरशः खरे होते. तो दाखला आणि शाळेच्या रजिस्टराचा प्रवेश-निर्गम उतारा असे दोन्ही जोडले की बाहेरच्या कार्यालयांचे समाधान होते. मी तो घेतला. ग्रामसेवकांनी शिक्का मारून कागद माझ्या हाती दिला तेव्हा माझ्या पर्समध्ये कोतवाल बुकाच्या त्या पानाची प्रत घडी घालून ठेवलेली होती. माझा जन्म कोठेही आढळून येत नाही, असे सांगणारा कागद मी स्वतः मागून, फी भरून घेतला. तो खोटा नव्हता. तरीही किन्हवलीपर्यंतच्या एस.टी.च्या प्रवासात मी पर्स उघडली नाही.

त्या प्रवासात मला आठवली ती शहापूर तालुक्यातील माझी पहिली शाळा. गावाबाहेर कातकरी वाडी होती. जूनमध्ये पटनोंदणीला आम्ही शिक्षक वाडीत जात असू. मूल कधी झाले, असे विचारले की आई सांगे: भट्टीवरून आलो त्या पावसात, किंवा बाबूच्या आज्याला सर्प डसला त्या वर्षी. माझ्या हातात रजिस्टर आणि मनात घाई. मी १ जून लिहीत असे. किती वेळा लिहिले ते आता मोजता येणार नाही. दिवाळीनंतर ती कुटुंबे वीटभट्ट्यांवर, भिवंडी-कल्याणकडे जात. मुले सोबत जात. फेब्रुवारीत मी शेऱ्याच्या रकान्यात 'सतत गैरहजर' लिहून पटावरून नाव कमी करी. नियमच तसा होता. नियमाने मला विचारले नव्हते की पोर गैरहजर आहे म्हणजे कोठे हजर आहे.

त्यांतील एक मुलगी त्याच हिवाळ्यात माझ्या घरी आली. आता तिशीतील बाई, कडेवर मूल. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने अतिमागास आदिवासी गटांसाठी मोठी योजना सुरू केली. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड त्यात येतात. वाडीवाडीवर शिबिरे भरून आधार, जातीचे दाखले देण्याचे काम चालू होते. तिला शाळेचा दाखला हवा होता आणि शाळेत तिला कोणी ओळखीत नव्हते. "बाई, तुम्ही सांगा ना, ही तीच म्हणून," ती म्हणाली.

जमातीच्या दाखल्यासाठी आपले घराणे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून या राज्यात राहते, हे दाखवावे लागते. कातकऱ्यांनी ते कशाने दाखवावे? घर दुसऱ्याच्या जागेवर, वर्षाचे सहा महिने भट्टीवर, कागद पावसात भिजलेले. मी परमुलखात राहण्याची परवानगी मागत होते, आणि ती जेथे तिचे पूर्वज खैर तोडून कात काढीत आले त्या रानात आपण राहतो याचा पुरावा मागत फिरत होती. मला तिच्यापुढे माझ्या अर्जाची गोष्ट काढण्याची लाज वाटली. मी ती काढली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर शाळेत गेले. मुख्याध्यापक माझ्या ओळखीचे. रजिस्टर निघाले, १९९९ चे पान निघाले, माझेच अक्षर निघाले. जन्मतारीख: १ जून १९९३. ती वाकून पाहत होती. तिला वाचता येत नव्हते. मी तिला चौथीपर्यंतही टिकवू शकले नव्हते.

"काय लिवलंय, बाई?" तिने विचारले.

मी वाचून दाखविले. ती खूश झाली. इतकी वर्षे आपला वाढदिवस आहे हे तिला माहीत नव्हते. मी तिला खरे सांगितले नाही. उतारा मिळाला, शिबिरात तिचे काम झाले, आणि पुढील आठवड्यात कुटुंब भट्टीवर गेले.

यापुढचे सांगण्यासारखे थोडे आहे. मार्चमध्ये मुंबईत अर्ज दिला. पहाटेच्या कसारा लोकलने आसनगावहून निघाले. सोबत फुगलेली फाइल, अर्जाच्या दोन प्रती, पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचे न हसणारे फोटो, आणि पंचाहत्तर युरोंचे शुल्क रुपयांत. खिडकीतल्या मुलीने कागद भराभर चाळले. नमुना क्रमांक १० वर ती क्षणभर थांबली.

"तुमचा जन्म नोंदवलेला नाही?"

"तेथे नाही," मी म्हणाले.

'तेथे' या शब्दावर मी दिलेला जोर तिला ऐकू गेला नाही. तिने शिक्का मारला. मग बोटांचे ठसे. काच थंड होती. आयुष्यभर खडू धरल्यामुळे अंगठ्याचा ठसा चार वेळा घ्यावा लागला. त्यानंतर वाट पाहणे. आपला अर्ज मुंबईहून त्या शहराच्या परकीय नागरिक कार्यालयाकडे जातो, त्यांनी संमती द्यावी लागते, आणि त्यांची संमती त्यांच्या गतीने येते. पाऊस लागला, लावण्या झाल्या, गणपती बसले आणि गेले. मुलगा दर रविवारी काही कळले का विचारी. मी नाही म्हणे, आणि त्या 'नाही'त मला थोडे हलके वाटत असे, हे त्याला कळू नये याची काळजी घेई.

सप्टेंबरच्या अखेरीस पारपत्र परत आले. आत व्हिसा चिकटविलेला होता. माझा न हसणारा चेहरा, माझे माहेरचे नाव, पतींचे नाव, आडनाव.

मी दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. धरली. आई ओटीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. तिकीट नोव्हेंबरचे आहे, असे मी सांगितले. ती काही बोलली नाही. शेंगा सोलीत राहिली. मग पदराला हात पुसून तिने पारपत्र मागितले. प्रथम उलटे धरले, भाच्याने सुलटे करून दिले. तिने फोटोवरून बोट फिरविले.

"गावाचं नाव आहे का यात?"

होते. जन्मस्थान या ओळीत. मी तिचे बोट धरून त्या अक्षरांवर ठेवले.

"आणि तारीख?"

मी पर्समधून घडी घातलेली ती प्रत काढणार होते. ती खूश झाली असती. पण तिचे बोट पारपत्रावर होते आणि तिने विचारले होते ते त्यातले. मी वाचले, "एक जून एकोणीसशे सहासष्ट."

आई हसली.

"जूनात मी राबात भात पेरीत होते. तू पोटात आहेस हेही धड कळलं नव्हतं मला," ती म्हणाली, आणि पारपत्र माझ्याकडे देत पुन्हा फोटोकडे पाहू लागली. "ही दुसरीच कोणी असेल."